शेळी दिसली की कंटाळा आला पाहिजे

वाचकांचे प्रश्न : शिकारी जातीची पिल्लं आणि पाळीव जनावरं

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की माझी सुतळी शेळ्यांच्या कळपासमोर लोळत पडते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेता आला नाही. काही पत्रांत कौतुक आहे, बऱ्याच पत्रांत अविश्वास. सुतळी ही लांब तंगड्यांची, पळणाऱ्या सशामागे जीव टाकणारी कुत्री आहे. ती जन्मतः साधू नव्हती, आजही नाही.

ताई, आमच्याकडे पाच महिन्यांचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे. आजवर शेळ्यांजवळून शेपूट हलवत जायचा. गेल्या आठवड्यात एक करडू उड्या मारत पळालं आणि हा त्याच्यामागे सुटला. हातात दोरी होती म्हणून निभावलं. एवढं गरीब पिल्लू एकदम असं का वागलं? आता काय शिकवू?

पिल्लू एकदम वागलं नाही हो, करडू एकदम पळालं. कुत्र्याचा डोळा रंगाला थोडा अधू असतो. निळा आणि पिवळा त्याला वेगळा कळतो, तांबडं-हिरवं जवळपास सारखंच दिसतं. हालचालीला मात्र तो डोळा भलताच तिखट. उभी शेळी तुमच्या पिल्लाच्या लेखी झुडूप होती. झुडूप पळालं, तेव्हा त्याच्या आज्या-पणज्या जाग्या झाल्या.

शिकारीची एक साखळी असते : दिसणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, चावा. माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करून प्रत्येक जातीत वेगळी कडी घट्ट केली. पॉइंटर नजर रोखून जागीच थिजतो, रिट्रिव्हर तोंडात धरतो पण दाबत नाही. कारवान, ग्रेहाउंड, सालुकी यांच्यात पाठलागाची कडी इतकी घट्ट आहे की पळण्यातच त्यांचं बक्षीस असतं. हाती काही लागो न लागो. भरात आलेला ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे सेकंदाला 16 मीटरहून जास्त. तुम्ही 'अरे अरे' करून त्याचं नाव घेईपर्यंत दोन सेकंद जातात आणि कुत्रं 30 मीटर पुढे. म्हणून सुटल्यावर काय करायचं हा प्रश्न मला विचारू नका. सुटण्याच्या आधीचं बोलू.

हे मी फार उशिरा शिकले. माझी पहिली कुत्री बिजली नऊ महिन्यांची असताना शेळ्यांवर धावली. मी काय केलं असेल? तिच्यामागे ओरडत धावले, हात वर करून, जिवाच्या आकांतानं. बिजलीनं एकदा मागे वळून पाहिलं आणि तिचा वेग वाढला. तिच्या दृष्टीनं बाईही शिकारीत सामील झाल्या होत्या! कुणाला लागलं नाही, पण एक शेळी घाबरून चरात पडली आणि दोन दिवस लंगडत होती. शेळीच्या मालकिणीचं बोलणं मी मान खाली घालून ऐकलं. ते रास्तच होतं.

आता तुमच्या पिल्लाकडे वळू. त्याला शेळ्यांची भीती वाटावी असं मला वाटत नाही, आणि त्यांच्याबद्दल प्रेम वाटावं असंही नाही. त्याला शेळ्यांचा कंटाळा आला पाहिजे. घरातल्या खुर्चीकडे बघावं तसं त्यानं कळपाकडे बघावं. आणि कंटाळा शिकवायचा म्हणजे आपल्यालाही कंटाळेपर्यंत बसायची तयारी हवी.

मी एक लहान स्टूल घेऊन कळपापासून शंभर पावलांवर बसते. कुत्रं हार्नेसमध्ये, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्यात, दोरी दहा मीटरची, पण त्यातली दोनच मीटर मोकळी. खिशात वाळवलेल्या कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे. आणि मग मी कळपाकडे बघतच नाही, कुत्र्याच्या तोंडाकडे बघते. चालून आलेलं कुत्रं धापा टाकत असतं, जीभ बाहेर असते. शेळी मनात भरली की पहिल्यांदा ते तोंड मिटतं. जीभ आत जाते, धाप थांबते, कपाळावर बारीक आठी पडते, कान पुढे येतात. मग एखादा पुढचा पाय उचलला जातो. तोंड मिटण्यापासून पाय उचलण्यापर्यंत तुमच्या हातात जेमतेम एक श्वास असतो. सगळं शिक्षण त्या एका श्वासात आहे. पाय उचलल्यावर हाक मारली तर ती दोरीलाच ऐकू येते, कुत्र्याला नाही.

तर तोंड मिटलं की मी हलकेच जिभेनं 'टक्' असा आवाज करते. हा आवाज घरात आधी आठवडाभर पक्का केलेला असतो : टक् म्हणजे तुकडा, दुसरा अर्थ नाही. मान माझ्याकडे वळली की तुकडा द्यायचा, लगेच. पुन्हा शेळीकडे बघू दे, पुन्हा टक्. दहा-पंधरा वेळा झालं की एक मजा होते. कुत्रं शेळीकडे बघतं आणि टक् व्हायच्या आधीच माझ्याकडे वळतं, 'बघितली बरं का, द्या आता' अशा चेहऱ्यानं. त्या दिवशी उठायचं आणि घरी जायचं. आणखी थोडं करून पाहू हा मोह तुम्हाला होईल. मला दर वेळी होतो.

कुत्र्यानं तुकडा नाकारला तर ते हट्टी नाही, तुम्ही फार जवळ बसला आहात. वीस पावलं मागे या. वारा कुठून येतो तेही बघा. कळपावरून वारा तुमच्याकडे येत असेल तर नाकाला अंतर कळत नाही, शंभर पावलंही कमी पडतात. मी रोज दहा मिनिटांच्या वर बसत नाही. अंतर कमी करते ते तीन दिवस सलग काम सोपं गेलं तरच, आणि एका वेळी पाच पावलं. सुतळीला शंभरावरून दहा पावलांवर यायला अडीच महिने लागले. मधे एकदा मेंढ्यांची कोकरं नाचायला लागली आणि आम्ही परत ऐंशीवर गेलो.

एक गोष्ट राहिलीच. या जातींना तुकड्यानं पोट भरतं, मन नाही. मान वळवल्याचं मोठं बक्षीस म्हणजे पळणंच. मी लांब काठीला दोरी बांधून तिच्या टोकाला फरचं चिंधूक लावलं आहे. सत्र नीट झालं की कळपाकडे पाठ करून दूर जायचं आणि तिथे ते चिंधूक जमिनीवरून सरपटवायचं. दोन मिनिटं जीव खाऊन पळू दे, शेवटी पकडू दे, फाडू दे. कळपापासून दूर गेलं की पाठलाग मिळतो, हे गणित शिकारी कुत्र्याला चटकन कळतं.

आमचा पॉइंटर मिश्र जातीचा आहे, वय चौदा महिने. घरात सांगितलेलं सगळं ऐकतो. पण तीनदा मेंढ्यांमागे गेला आहे. दर वेळी मोकळं सोडल्यावर दहा-बारा दिवस चांगला वागतो आणि मग एक दिवस जातो. मेंढपाळ आता आम्हाला बघितलं की काठी उचलतात.

मी मेंढपाळ असते तर मीही उचलली असती.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. दहा-बारा दिवस काही नाही आणि मग एक दिवस मेंढ्या. जुगाराच्या यंत्रासमोर माणसं तासन् तास का बसतात? दर वेळी पैसे मिळतात म्हणून नव्हे, कधी मिळतील ते सांगता येत नाही म्हणून. अधूनमधून, अवचित मिळालेलं बक्षीस सवय सगळ्यात चिवट करतं. तुमचा पॉइंटर रोज सोडत काढतो आहे, आणि त्याला आजवर तीनदा सोडत लागली आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सोडत बंद. किमान चार महिने मोकळं सोडणं नाही. कुंपण घातलेली जागा असेल तर तिथे पळू दे, बाहेर मात्र दोरी. हे ऐकून लोक नाराज होतात. त्यांना शिकवणी हवी असते, बंदोबस्त नको असतो. पण प्रत्येक पाठलाग हाही एक तास आहे, आणि त्या तासाचा मास्तर तुमच्यापेक्षा चांगला शिकवतो.

दोरीबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यात मी हात पोळून घेतला आहे, शब्दशः. लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीही अडकवायची नाही. दहा मीटर धावून आलेला झटका मानेवर बसतो, म्हणून हार्नेस, तोही पाठीवर कडी असलेला. टोकाला गाठ किंवा फास ठेवू नका, तो झाडाच्या मुळात अडकतो. हातमोजे घाला. आणि दोरी हाताला गुंडाळू नका. मी एकदा डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना गुंडाळली, 'एकच मिनिट' म्हणून. बिजलीला ससा दिसला. त्यातलं एक बोट आजही पूर्ण वळत नाही, पीठ मळताना रोज आठवण होते.

दुसरं काम शिट्टी. घरात सांगितलेलं ऐकतो म्हणता, तिथे मेंढ्या कुठे आहेत? 'थांब'ची शिट्टी पायरीपायरीनं चढवावी लागते. आधी खोलीत, मग अंगणात, मग चेंडू जमिनीवर पडलेला असताना, मग चेंडू घरंगळत असताना. घरंगळणाऱ्या चेंडूमागे निम्म्यात थांबवता आलं की मग सरपटणारं चिंधूक. तिथेही दहापैकी नऊदा थांबला, तरच दुरून कळप. बहुतेक जण अंगणातून थेट कळपाकडे उडी मारतात आणि मग म्हणतात, शिट्टी चालत नाही. पॉइंटरच्या बाबतीत एक सोय आहे : त्याच्या रक्तातच थिजणं आहे. मेंढ्या पाहून तो थिजला की ओरडू नका. तिथेच शांतपणे जवळ जाऊन त्याच्या छातीवर हात ठेवा, तुकडा द्या आणि वळवून घेऊन या. थिजणं हे त्याचं चांगलं वागणं आहे, ते पाठलागात बदलायच्या आत उचलायचं.

तिसरं काम तुमचं, कुत्र्याचं नाही. मेंढपाळाकडे जा. ज्या दिवशी कुत्रं मागे लागलं त्या दिवशीच जायला हवं होतं. मेंढीला दात लागले तर लोकरीखाली भोकं दिसत नाहीत. वरून जनावर धड दिसतं आणि दोन-तीन दिवसांत जखम चिघळून जातं. बोटांनी लोकर फाकून मान, मांड्या आणि शेपटीची बाजू तपासावी लागते. गाभण मेंढी नुसत्या धावपळीनं, धास्तीनं गाभडू शकते. मेंढी साधारण पाच महिने पोटात वाढवते आणि तुमच्या कुत्र्याची पाच मिनिटं त्यावर पाणी फिरवतात. उपचाराचा आणि नुकसानीचा खर्च तुमचा, हे त्यांनी मागायच्या आत सांगा. त्यानंतर त्यांना विचारा की कळपापासून शंभर पावलांवर स्टूल टाकून बसू का. माझ्या अनुभवात हो म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच सांगायला लागतात, 'आज कोकरं आहेत, लांब बसा.'

आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, कुत्र्याला एकदा तापट मेंढ्याबरोबर कोंडा, जन्माची खोड मोडेल. शिवाय एकानं विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला आहे. तुमचं मत?

मेंढ्याचा प्रयोग मी जवळून पाहिला आहे. ओळखीच्या एकाचं कुत्रं, सात-आठ महिन्यांचं. पाच मिनिटांत दोन बरगड्या मोडल्या. त्यानंतर ते शिंगवाल्या मेंढ्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, सगळे खूष. पुढच्या हंगामात त्यानं कोकरू धरलं. त्याला मिळालेला धडा 'शिंगवाला, एकटा, कोंडलेल्या जागी वाईट' एवढाच होता. बिनशिंगाचं, उघड्यावर, पळणारं कोकरू त्या धड्यात नव्हतंच. शिवाय मेंढ्याला का वेठीला धरायचं?

पट्ट्याचं दुखणं वेगळं. झटका बसतो तेव्हा कुत्रं ज्याच्याकडे बघत असतं त्याच्याशी वेदनेची गाठ बसते. ती मेंढी असू शकते, मेंढीशेजारचं मूल असू शकतं, तुम्हीही असू शकता. कोणाशी बसली ते तुम्हाला कळत नाही. भित्रं कुत्रं त्यानं आणखी भितं, तापट कुत्रं उलटून अंगावर जातं, आणि पाठलागाच्या ऐन भरात काही कुत्र्यांना झटका लागल्याचंही भान नसतं. वेल्समध्ये असे पट्टे 2010 पासून कायद्यानं बंद आहेत. मी कायद्याची वाट पाहिली नसती.

जनावरांसमोर इतकं शांत केलं तर कुत्र्यातली शिकारीची रग निघून जाणार नाही का? मग शिकारी जात पाळायची कशाला?

कुत्र्याला फरक कळतो. आपल्यालाच वाटतं कळणार नाही. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या मागावर हाउंडांच्या टोळ्या जात, त्या वाटेत मेंढ्यांच्या कुरणांतूनच जात. भलत्या जनावरामागे लागलेल्या हाउंडला ते लोक 'रायट' केलं म्हणत, म्हणजे दंगा केला, आणि तो मोठा दोष समजला जाई. म्हणून पिल्लं लहानपणी टोळीतून काढून शेतावरच्या कुटुंबांकडे वाढायला देत. कोंबड्या, गाई, मांजरं यांच्या पायांत वाढलेलं पिल्लू परत टोळीत यायचं. कोल्ह्याच्या वासावर त्याची रग शाबूत असायची. सुतळीसमोर आजही चिंधूक सरपटवा आणि बघा.

नऊ आठवड्यांचं पिल्लू आणलं आहे. घरच्या शेळ्या आणि कोंबड्या आहेत. आत्ताच एकत्र सोडून मैत्री करून देऊ का?

वेळ अगदी बरोबर आहे, बेत चुकीचा. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं ते त्याला जगाचा भाग वाटतं. तेव्हा रोज शेळ्या दिसू देत, त्यांचा वास येऊ दे, बें-बें ऐकू येऊ दे. पण जाळीच्या पलीकडून, किंवा मांडीवर घेऊन. पिल्लू आणि करडू एकत्र बागडताना फोटो फार गोड येतात. पण त्या खेळात पिल्लू पाठलागाचाच सराव करत असतं. दहाव्या आठवड्यात गोड दिसतं तेच दहाव्या महिन्यात गळ्याशी येतं. कोंबडीचं तर नावच नको, फडफडणारी वस्तू आहे ती. माझा साधा नियम : जनावरांसमोर पिल्लू जेवतं, झोपतं, कुरवाळून घेतं. खेळतं दुसरीकडे.

आणि सात-आठ महिन्यांचं झाल्यावर शिकलेलं सगळं विसरल्यासारखं करेल. तेव्हा दोरी पुन्हा काढा. मला पत्र लिहून 'आमचं बिघडलं' म्हणू नका.

गाईंच्या कुरणातून कुत्रं नेताना काय सांभाळावं? आणि आमची कुत्री शेण, लेंड्या खाते, ते चालतं का?

वासरू असलेल्या गाईच्या जवळून कुत्रं नेऊच नका, लांबचा फेरा घ्या. गाय कुत्र्याला लांडगा समजते आणि कुत्रं येऊन तुमच्या पायांत लपतं, म्हणजे गाय तुमच्यावर येते. अशी अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. माझ्या सगळ्या उपदेशाच्या उलट आहे, पण द्या. कुत्रं गाईपेक्षा जोरात पळतं, तुम्ही पळत नाही.

शेण-लेंड्यांचं म्हणाल तर एरवी मी फार मनावर घेत नाही. पण कळपाला जंताचं औषध दिलं असेल तर सांभाळा. त्यातलं आयव्हरमेक्टिन विष्ठेतून बाहेर पडतं आणि कुत्र्यांच्या कोलीसारख्या काही जातींत जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं. कुत्रं झोकांड्या खायला लागतं. उलट बाजूनं, कुत्र्याच्या विष्ठेतून फीतकृमींची अंडी चाऱ्यावर पडतात आणि मेंढीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्या माणसालाही होतात. म्हणून कुत्र्याला कापलेल्या जनावराची कच्ची आतडी-काळीज घालू नका, प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी द्या, आणि कुरणात कुत्र्यानं केलेली घाण उचलून आणा. कळपाला औषध कधी देणार ते मेंढपाळाला आधी विचारून ठेवा. आमच्याकडे ती तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, आणि त्या आठवड्यात सुतळीचं स्टूल दुसऱ्या कुरणात.